कोथरूडचा उन्हाळा आणि वाचायची पाळी

एप्रिल उजाडला की आपल्या घरांतले कॅलेंडर भरगच्च होते. ११ एप्रिलला जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची, मग मुलांच्या परीक्षा, त्यानंतर वैशाख पौर्णिमा आणि २७ मे रोजी रमाईंचा स्मृतिदिन. वर्गणी, व्याख्याने, मिरवणूक, खीरदान यांत आपण कार्यकर्ते बुडून जातो. परंतु या तारखांच्या मधे जे साधे दिवस उरतात त्यांचे काय? पाहुणे येतात, कोणाचे नवे बिऱ्हाड मांडले जाते, मुले घरभर असतात, दुपार लांबता लांबत नाही. या साध्या दिवसांविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. मला वाटते, घरात कोणाला किती मोकळीक आहे हे सणाच्या दिवशी कळत नाही. ते मे महिन्यातल्या एखाद्या साध्या दुपारी कळते. म्हणून आमच्या कोथरूडच्या उन्हाळ्याविषयी चार गोष्टी सांगते.

दोन कोथरूड

पुण्याबाहेरच्या वाचकांना कोथरूड हे नाव ठाऊक असते ते सोसायट्या, नाट्यगृह आणि निवृत्त मंडळींच्या बागा यांमुळे. कर्वे पुतळ्यापासून डहाणूकर कॉलनीपर्यंत फिरलात तर ते कोथरूड दिसते. पण पौड फाट्यावरून वनाजच्या दिशेने निघा आणि उजव्या हाताला पाहा. टेकडीच्या उतारावर एकाच्या डोक्यावर एक अशी घरे चढत गेलेली दिसतील. केळेवाडी, हनुमाननगर, किष्किंधानगर, जयभवानीनगर, सुतारदरा, शास्त्रीनगर ही त्या वस्त्यांची नावे. हेही कोथरूडच.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे शेतमळ्यांचे गाव होते. शेजारच्या हिंगण्याच्या माळावर महर्षी कर्वे यांनी १९०० साली आपला आश्रम झोपडीत नेला, तेव्हा तिथे रस्ताही नव्हता. विधवा मुलींना पेठेत शिकवायचे तर लोकांचा त्रास, म्हणून आश्रम माळावर. आणि कर्वे स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पायी पुण्यात जात. आज ज्या कर्वे रस्त्यावर वाहनांची रीघ लागते, त्या रस्त्याच्या नावामागे ही पायपीट आहे. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि शहर वेगाने बाहेर पसरू लागले. १९६२ मध्ये कोथरूडला कमिन्सचा इंजिनांचा कारखाना आला. ‘वनाज’ हा बसचा थांबा आणि आता मेट्रोचे स्थानक झाले आहे, तेही मुळात एका कारखान्याचेच नाव.

मग आला १९७२ चा दुष्काळ. मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांतून माणसे पुण्याला आली. बिगारी, गवंड्याच्या हाताखालचे काम, खडी फोडणे, जे मिळेल ते त्यांनी केले. ज्या हातांनी खालच्या सोसायट्या बांधल्या, त्या हातांची घरे वर टेकडीवर झाली. बायका धुणीभांडी करू लागल्या, कोणी कागद-काच-पत्रा वेचू लागल्या. त्यांत आपल्या समाजाच्या बायका पुष्कळ.

उन्हाळा दोन्ही कोथरूडांवर एकच येतो, पण सारखा येत नाही. पुण्यात मेपेक्षा एप्रिल जास्त तापतो. मे महिन्यात एखादा वळीव तरी पडतो. खाली पारा ४० अंशांवर गेला की पडदे ओढून पंखा वाढवतात. वर पत्र्याखाली दुपारी दोन वाजता आडवे होता येत नाही. कोणी पत्र्यावर ओली गोणपाटे टाकतात, कोणी पांढरा रंग मारतात. पाणी मारावे म्हटले तर चढावर नळाचे पाणी नीट चढत नाही. मग माणसे बोळात येऊन बसतात आणि सावली सरकेल तशी चटई सरकवतात. मे महिन्याची दुपार म्हणजे आमच्याकडे चटई सरकवण्याचे काम.

नवे बिऱ्हाड

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा आणि भाचेसून आमच्याकडे राहायला आली. भाचा एका खाजगी दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागला होता. लग्न मार्चमध्ये झालेले. घर मिळेपर्यंत आत्याकडे राहा, असे मीच म्हटले. सोलापूरकडून एसटीने दोघे स्वारगेटला उतरली. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे माझी वहिनीही पोचवायला आली. “अर्ध्या तिकिटात आले, पन पुऱ्या वझ्यासकट आले,” असे म्हणत तिने सामान उतरवले. एक ट्रंक, शेंगदाण्याची पिशवी, येसराचा डबा, कुरडया, आणि ज्वारीचे पोते. पोते उचलताना जड लागले म्हणून उघडले, तर खाली ज्वारी आणि वर पुस्तके. मोजली, ३७ निघाली. भाचेसून ओशाळून म्हणाली, “आत्या, ट्रंकेत भांडी होती. पुस्तकांना जागाच उरली नाही.”

आमचे घर दोन खोल्यांचे. आम्ही दोघे, मुलगा, मुलगी आणि सासूबाई अशी पाच माणसे होतो, ती सात झाली. वहिनी दोन दिवस राहून परत गेली. एका खोलीत पुरुष, एका खोलीत बायका अशी झोपायची सोय केली. नव्या जोडप्याला असे राहावे लागते याचे वाईट वाटत होते, म्हणून घर शोधायची घाई सुरू झाली.

खालच्या भागात एक-दोन खोल्यांची जागा पाहायला तिघे जात होतो. पहिल्या घरी सगळे ठरत आले. भाडे ठरले, अनामत ठरली. निघताना मालकीणबाईंनी विचारले, “आडनाव काय म्हणालात?” सांगितले. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला की मालकांचा पुतण्याच राहायला येणार आहे. दुसऱ्या घरी आडनाव सांगितल्यावर घराला रंग काढायचा निघाला. तिसऱ्या घरी सरळ विचारले, “तुम्ही खाता का?” भात-भाकरी सगळेच खातात, पण या प्रश्नाचा अर्थ आपल्याला बरोबर कळतो. रात्री भाकरी थापताना भाचेसून म्हणाली, “तीन घरांत तीन कारणं दिली. आडनाव मात्र एकच होतं.”

हे अनुभव नवे नाहीत. अनेक वाचकांनी शहरोशहरी घेतले असतील. घर देणाऱ्याच्या मनातले काढून टाकणारा कागद अजून कोणत्या कचेरीत मिळत नाही. परंतु जिथे घर मिळते तिथे तरी आपण कागद पक्का करून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार असला तरी यातून सुटका नाही. तोंडी बोलीवर अनामत देऊन बसू नये. मी लिपिक आहे, रोज कागदांत असते. ज्याच्याकडे कागद नाही त्याला खेटे घालावे लागतात, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेले आहे.

शेवटी घर मिळाले ते वर, टेकडीच्या कडेला, आपल्याच एका आजींच्या घराची माडी. पण ते जूनमध्ये. मधले दोन महिने आम्ही सात माणसे एकत्र राहिलो, आणि मला सांगायचे आहे ते त्या दोन महिन्यांचे.

मोकळ्या वेळेचा हिशेब

भाचेसुनेची ३७ पुस्तके कुठे ठेवायची हा पहिला प्रश्न. कपाटावर ट्रंका, खाटेखाली भांडी. शेवटी खिडकीच्या वर एक फळी मारली. पुस्तके फळीवर गेली आणि तिथेच राहिली. आठ दिवस झाले तरी एकही खाली आले नाही. मी विचारले, “वाचत नाहीस का गं?” ती म्हणाली, “वाचायचं कधी, आत्या?”

मी बी. कॉम. झालेली. मला कोणतीही गोष्ट मांडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. एका रविवारी रद्दी कागदाच्या मागच्या बाजूला सात रकाने आखले आणि कोणाला दिवसात किती वेळ स्वतःचा मिळतो ते लिहिले. स्वतःचा म्हणजे ज्यात झोप नाही, काम नाही आणि कोणी हाक मारणार नाही असा. मुलगा, सुट्टीमुळे, सहा तास. आमचे हे संध्याकाळी अडीच तास. भाचा दोन तास. सासूबाई तीन तास, पण त्यांना वाचता येत नाही. मुलगी, शाळा तिचीही बंदच, दीड तास. मी अर्धा तास, तोही बसमधला. भाचेसून, शून्य.

हा कागद मी भिंतीला लावला. भांडण काढले नाही. नुसता लावला. मुलाने वाचला आणि विचारले, “ताईला दीड आणि मला सहा का?” आठवीतल्या मुलाच्या तोंडून हा प्रश्न आला तेव्हा खोलीत कोणी काही बोलले नाही. मग ह्यांनीच पेन घेतले. पाणी भरणे पुरुषांकडे आले. संध्याकाळची भांडी भाचा आणि मुलगा यांच्याकडे आली. कुरडया-पापड यंदा निम्मेच करायचे ठरले. सासूबाईंना ते पटले नाही, पण त्यांनी चालवून घेतले. आणि चार ते साडेपाच ही वेळ ‘वाचायची पाळी’ ठरली. त्या वेळेत ज्या दोघांची पाळी असेल त्यांना कोणी हाक मारायची नाही, चहासाठी तर नाहीच. आम्ही नोकरीवाले फक्त रविवारी पाळीत बसणार.

पहिल्या पाळीला भाचेसून पुस्तक घेऊन बसली आणि दर पाच मिनिटांनी चुलीकडे बघत राहिली. वाचायला वेळ मिळणे आणि वेळ मिळाल्यावर मन मोकळे होणे यांत अंतर आहे. तिला आठवडा लागला. मग मात्र साडेपाच झाले तरी ती उठेना.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ त्या ३७ पुस्तकांत होते. फलटणला छोट्या दुकानात बसून पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचत असत, आणि पुढे स्वतःचे लिखाण कितीतरी वर्षे त्यांनी घरात लपवून ठेवले. १९८६ साली ते पुस्तक निघाले. आपण त्या पुस्तकाचा अभिमान सांगतो, सभांतून नाव घेतो. पण आपल्या घरातल्या लेकीसुनेला उघडपणे, पाय पसरून, दीड तास वाचता येते का, हे कितीजण पाहतात?

सासूबाईंचे काय झाले तेही सांगायला हवे. त्यांचे तीन तास रिकामे जात. मुलीने पाळीत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन दिवसांनी शेजारच्या दोन आजी बोळात चटई घेऊन आल्या. चौथ्या दिवशी आठ-दहाजणी झाल्या. सावली सरकली की चटई सरके, वाचन थांबत नसे. एका आजीने ऐकता ऐकता बजावले, “जरा दमानं वाच. तू पानं खातीस.” खरोखरच मुलगी कंटाळवाणी पाने गाळत होती.

करमणुकीचे वाचन पाप नव्हे

इथे एक मतभेद नोंदवते. आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते एकदा दुपारी आले. मुलगा रहस्यकथा वाचत होता आणि मुलगी विनोदी गोष्टी. ते म्हणाले, “हे वाचून काय होणार? स्पर्धा परीक्षेचं वाचा, चळवळीचं वाचा.” त्यांचा हेतू चांगला होता. आपल्या समाजात पुस्तक आले ते परीक्षेसाठी आले, नाहीतर लढ्यासाठी आले. दोन्ही गोष्टींनी आपल्याला उभे केले. परंतु वाचनाची गोडी लागते ती सक्तीच्या पुस्तकाने नव्हे. ज्या मुलाने उन्हाळ्यात दहा रहस्यकथा फडशा पाडल्या, तोच पुढे जाड ग्रंथाला भीत नाही. परीक्षेपुरते वाचणारा परीक्षा संपली की पुस्तक मिटतो.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण नेहमी अभ्यासासाठी देतो. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले तेच मुळी पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून. पण याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे आपण मुलांना सांगतो का? अठरा अठरा तास अभ्यास करणाऱ्या माणसालाही मनाला विसावा हवासा वाटला. मग आपल्या मुलांनी एका गोष्टीच्या पुस्तकाला लाजायचे कारण नाही.

पुस्तके येतात कुठून? विकत घेणे सगळ्यांना झेपत नाही. आमच्या वस्तीत पुस्तकांचा मोठा झरा म्हणजे रद्दी. एप्रिल-मे महिन्यांत खालच्या सोसायट्यांतून रद्दीचे ढीग निघतात. पाठ्यपुस्तके, गाइडे, दिवाळी अंक, इंग्रजी कादंबऱ्या, सगळे किलोवर जाते. कागद वेचणाऱ्या आमच्या बायका त्यातून चांगली पुस्तके बाजूला काढतात. या बायकांचीही एक हकीकत आहे. कर्वे रस्त्यावर एसएनडीटी महिला विद्यापीठाची शाखा आहे. तिथल्या प्रौढ शिक्षण विभागाचे काम कचरा वेचणाऱ्या बायामुलांपर्यंत पोचले आणि त्यातूनच १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्थाही झाली. साक्षरतेच्या वर्गातून संघटना निघते आणि त्याच बायकांच्या हातून वस्तीत पुस्तके येतात, याला मी आमच्या भागाची खरी कमाई समजते.

दुसरा झरा टेकडीच्या पलीकडे आहे. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीचे कार्यालय आहे. पाठ्यपुस्तके तिथून निघतात हे सर्वांना ठाऊक असते. परंतु १९७१ पासून ‘किशोर’ हे मुलांचे मासिकही तिथूनच निघते. त्याचे जुने अंक आता मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. ज्या घरात एकच मोबाइल आहे, तिथेही संध्याकाळी चार मुलांनी मिळून एक गोष्ट वाचायला हरकत नाही. आमच्या बोळात असे वाचन झाले आणि चित्रे बघण्यासाठी मुलांनी डोक्याला डोकी लावली.

टेकडी ओलांडून

ज्यांच्या घरात जागा नाही त्यांची अभ्यासिका म्हणजे टेकडी. पहाटे साडेपाचला वर गेलात तर खडकावर बसून वाचणारी मुले-मुली दिसतात. वेताळ टेकडी पुण्यातली सर्वांत उंच. उन्हाळ्यात गवत वाळून पिवळे पडते, वणव्याची भीती असते, पण मोरांचा आवाज ऐकू येतो आणि जुन्या खाणीच्या पाण्यावर पक्षी येतात. गिरीपुष्पाच्या झाडांखाली नऊ वाजेपर्यंत सावली टिकते. या टेकडीतून रस्ता काढण्याचा बेत निघाला तेव्हा २०२३ मध्ये पुणेकरांनी मोठा विरोध केला. त्या वेळी फिरायला येणाऱ्यांविषयी पुष्कळ बोलले गेले. टेकडीवर वाचायला येणाऱ्यांविषयीही बोलले गेले पाहिजे.

मे महिन्यातल्या एका पहाटे आम्ही सहाजण (सासूबाई सोडून) टेकडी चढून पलीकडे सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला उतरलो. तिथे सिंबायोसिसने उभारलेले बाबासाहेबांचे संग्रहालय आहे. ते १९९६ मध्ये सुरू झाले. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे जपून ठेवल्या आहेत. कपडे आहेत, खुर्ची आहे, भारतरत्न आहे आणि ज्याचा वर उल्लेख केला ते व्हायोलिनही आहे. मुलगा त्या व्हायोलिनपुढे बराच वेळ उभा राहिला. उन्हे चढण्याआधी चालत जावे, परतताना बस धरावी, आणि उघडण्याची वेळ आधी विचारून घ्यावी, एवढीच सूचना.

दुसरा प्रवास थोडा लांबचा. ६ मार्च २०२२ रोजी वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रो सुरू झाली. तिची कारशेड आहे ती जागा म्हणजे कोथरूडचा जुना कचरा डेपो. एकेकाळी जिथे आपल्या बायाबापड्या कचरा निवडत, तिथे आता गाड्या धुतल्या जातात. १ ऑगस्ट २०२३ पासून जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलून शिवाजीनगरला जाता येते, आणि तिथून लोणावळ्याची लोकल मिळते. या लोकलने दोन ठिकाणे अवश्य करावीत. पहिले देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथल्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. दुसरे मळवली. मळवलीला उतरले की एका अंगाला भाजे आणि महामार्ग ओलांडून दुसऱ्या अंगाला कार्ले.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. कार्ल्याचे चैत्यगृह त्यानंतरचे आणि देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत पाऊल टाकले की गारवा. पण मला सर्वांत जास्त आवडले ते तिथले दानलेख. कोणी काय दिले याची नोंद खांबाखांबावर कोरलेली आहे. त्यांत श्रेष्ठी आहेत, भिक्षुणी आहेत, परदेशी यवन आहेत. धेनुकाकट गावच्या एका गंधविक्याने दार दिल्याची नोंद आहे आणि सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याचीही. म्हणजे पैसे देणाऱ्याचे नाव आहे आणि हात राबवणाऱ्याचेही. सोसायटीच्या दारावर गवंड्याचे नाव मी अजून पाहिलेले नाही. हिशेब कसा लिहावा हे त्या लोकांना कळत होते.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेची गर्दी असते, ते दिवस टाळावेत. लेण्यांना तिकीट आहे, १५ वर्षांखालील मुलांना लागत नाही. सकाळची लोकल धरावी, कारण दुपारी लोकल कमी असतात. पाण्याच्या बाटल्या, काकडी आणि भाकरी-चटणी बरोबर असली म्हणजे झाले. आणि पिशवीत एक पुस्तक असावे. परतीच्या लोकलची वाट पाहताना भाचेसुनेने मळवलीच्या फलाटावर चाळीस पाने वाचली. तिला कोणी हाक मारली नाही, कारण तिची पाळी होती.

बिऱ्हाड हलताना

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाच्याचे बिऱ्हाड वर माडीवर गेले. करार लेखी झाला, नोंदणीही झाली. सामान नेताना मुलांनी साखळी केली. पुस्तके आली तेव्हा ३७ होती, गेली तेव्हा ५२. रद्दीतून आलेल्या पंधरांची भर. नव्या घरात भाच्याने पहिल्यांदा फळी मारली आणि मग गॅसची शेगडी जोडली. आमच्या भिंतीवरचा रकान्यांचा कागद भाचेसुनेने मागून घेतला. तिने त्यात दोनच रकाने ठेवले आहेत आणि दोन्हींत दीड-दीड तास लिहिला आहे.

येत्या उन्हाळ्यासाठी वाचकांना तीन गोष्टी सुचवते. एक, आपल्या घरी रकान्यांचा कागद एकदा मांडून पाहावा. भांडणासाठी नव्हे, वाटणीसाठी. दोन, वाचून झालेली पुस्तके किलोवर न देता जवळच्या विहारात किंवा मंडळाच्या खोलीत द्यावीत, आणि ती खोली दुपारी चार ते सहा उघडी ठेवायची जबाबदारी मंडळातल्या पुरुषांनी पाळीपाळीने घ्यावी. तीन, ज्यांना वाचता येत नाही त्या आजी-आजोबांना कोणीतरी रोज अर्धा तास वाचून दाखवावे. याला वर्गणी लागत नाही, मांडव लागत नाही. एक चटई लागते, आणि सावली सरकेल तशी ती सरकवायची तयारी लागते.

आमच्या बोळात यंदाची पाळी १५ एप्रिलपासून सुरू करायचे ठरले आहे. पहिले पुस्तक कोणते घ्यायचे हे सासूबाई आणि शेजारच्या आजी ठरवणार आहेत. त्यांची अट एकच आहे, कोणी पाने खायची नाहीत.